लागला का नंबर?

जानेवारीतल्या संध्याकाळी साडेसात वाजता पुण्यात बरंच काही एकदम घडतं. टीव्हीवर मालिकेचं शीर्षकगीत सुरू होतं, कुकरची दुसरी शिट्टी होते आणि धनकवडीतल्या एका तिसऱ्या मजल्यावर एम.एस्सी. फिजिक्स झालेली मुलगी आपला मोबाइल टेबलावर पालथा ठेवते. पालथा, कारण उताणा ठेवला की मेल येत नाही, असं तिच्या लक्षात आलं आहे. साडेसातलाच, कारण त्या क्षणी बॉस्टनमध्ये सकाळचे नऊ वाजतात आणि विद्यापीठाचं ऑफिस उघडतं.

हिवाळ्यात बॉस्टन आपल्या साडेदहा तास मागे असतं, कॅलिफोर्निया साडेतेरा. म्हणजे पूर्व किनाऱ्यावरची ऑफिसं आपल्या साडेसातला उघडतात, पश्चिम किनाऱ्यावरची साडेदहाला. त्यातलं शेवटचं ऑफिस बंद होतं तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेसहा झालेले असतात आणि दारात दुधाच्या पिशव्या पडलेल्या असतात. एकूण अकरा तासांची पाळी. कारखान्यात रात्रपाळीला निदान भत्ता तरी मिळतो.

या मुलीनं डिसेंबरात अमेरिकेतल्या दहा विद्यापीठांकडे पीएच.डी.साठी अर्ज केले. तिला आपण अर्जदार म्हणू. घरातही तिची ओळख आता साधारण तेवढीच उरली आहे. विज्ञानातल्या अमेरिकन पीएच.डी.ला सहसा फी भरावी लागत नाही, उलट शिकवण्याच्या नाहीतर संशोधनाच्या कामाचे विद्यापीठच दरमहा पैसे देतं, हे तिनं बाबांना तीनदा समजावून सांगितलं. बाबा बँकेतून निवृत्त झालेले. “वर पैसे देतात म्हणजे यात काहीतरी गोम आहे,” एवढंच ते म्हणाले.

गोम अर्जाच्या फीमध्ये होती. ती साधारण ७५ ते १२५ डॉलर, आणि तीही दर विद्यापीठाची वेगळी. सरासरी शंभर धरली आणि डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर दहा अर्जांचे झाले ८५,००० रुपये. आपल्याकडे सीएसआयआरची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप २०२३पासून महिना ३७,००० आहे. म्हणजे ‘मला संशोधन करू द्या हो’ एवढं विचारण्यातच संशोधकाची सव्वादोन महिन्यांची कमाई खर्ची पडली. टोफेल वेगळी. जीआरई मात्र अलीकडच्या वर्षांत अनेक विभागांनी मागायचीच सोडून दिली आणि ती परीक्षाही सप्टेंबर २०२३पासून पावणेचार तासांवरून दोन तासांच्या आत आणली. परीक्षा आखूड करणारे सापडले. वाट बघणं आखूड करणारा मात्र अजून जन्माला यायचा आहे.

तीन सरांची शिफारसपत्रं हा त्याआधीचा अंक. सर मोठे असतात, व्यग्र असतात आणि मुदतीच्या आदल्या दिवशी एका परिसंवादासाठी हमखास बाहेरगावी असतात. त्यांना आठवण करायची, पण आठवण केल्यासारखं वाटू द्यायचं नाही. शेवटी बॉस्टनच्या मध्यरात्रीची मुदत पुण्याच्या सकाळी साडेदहाला संपते हे गणित कामी आलं आणि तिसरं पत्र दहा वाजून अकरा मिनिटांनी दाखल झालं. त्यानंतर सगळ्या दहा खिडक्यांत एकच ओळ दिसू लागली : अंडर रिव्ह्यू.

या ओळीचा अर्थ घरात सगळ्यात आधी आजीला कळला. तिच्या काळी मुलगी बघायला आलेली मंडळी पोहे खायची, चहा प्यायची, मुलीला पेटी वाजवायला लावायची आणि चपला घालता घालता म्हणायची, “कळवतो.” त्यात होकार नसे, नकारही नसे; पोहे मात्र संपलेले असत. “तुझे ते लोक ‘कळवतो’ म्हणालेत,” आजीनं निकाल दिला. “आता महिनाभर तरी बोलायचं नाही त्यांच्याशी. मुलीच्या बाजूनं घाई दाखवू नये.”

अर्जदार एम.एस्सी.ला संख्याशास्त्रीय भौतिकी शिकलेली. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, आधी उपकरण तपासावं, आपल्याला हवं तेच दिसतंय का याची शंका घ्यावी, हे तिला पाठ आहे. म्हणून तिनं आधी उपकरण तपासलं. मेलबॉक्स चालू आहे ना हे बघायला स्वतःलाच एक मेल पाठवली. मोबाइल थरथरला तेव्हा छातीत धडधडलं, आणि पाठवणाऱ्याचं नाव वाचल्यावर जी निराशा झाली ती खरीखुरी होती. मग स्पॅमची पेटी. तिथं एका नायजेरियन वारसदाराचं आणि केस उगवणाऱ्या तेलाचं असे दोन होकार होते.

हळूहळू सिद्धांत जमायला लागले. शुक्रवारी चांगली बातमी येते, कारण प्राध्यापकांची बैठक बहुधा गुरुवारी होत असावी. आधी होकार कळवतात, मग प्रतीक्षा यादी, शेवटी नकार; म्हणजे काहीच न येणं हे एक तर वाईट लक्षण आहे, किंवा चांगलं. फर्ग्युसनमधल्या एका मैत्रिणीला अमुक विद्यापीठाकडून मंगळवारी कळलं, तिचे गुण आपल्यापेक्षा दोनानं कमी, पण तिचा शोधनिबंध छापून आलेला, पण त्यात तिचं नाव पाचवं... या समीकरणात अज्ञात अकरा आणि माहिती एक. मोबाइल पालथा ठेवण्याचा शोध याच काळातला. तो एकदाच खरा ठरला होता, आणि तेव्हाही आलेली मेल अर्जाची फी मिळाल्याची पावती होती.

आईची पद्धत निदान उघड होती. तिनं सारसबागेच्या गणपतीला एक नारळ बोलला होता आणि त्याच्या परिणामकारकतेबद्दल कुठलाही दावा केला नव्हता.

अमेरिकन सणवार मात्र घरात सगळ्यांना पाठ झाले. जानेवारीचा तिसरा सोमवार म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग दिन, त्या दिवशी ऑफिसं बंद. फेब्रुवारीचा तिसरा सोमवार राष्ट्राध्यक्षांचा, तेव्हाही बंद. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तो देश घड्याळं तासभर पुढे करतो. मग बॉस्टन साडेनऊ तासच मागे राहतं आणि ऑफिस पुण्याच्या साडेसहालाच उघडतं. “आज मालिकेच्या आधीच कळायला हवं,” आई म्हणाली. माघी गणेशजयंती यंदा कधी होती, हे त्या घरात कुणालाही सांगता आलं नाही. तरी नारळ बोललेला.

एका रात्री खरंच काहीतरी आलं : मुलाखतीचं बोलावणं. जीवशास्त्राच्या बऱ्याच विभागांत मुलाखती होतात, भौतिकीच्या अनेक विभागांत होतच नाहीत. त्यामुळे ती येणं शुभ की अशुभ यावर दोन दिवस चर्चा झाली. वेळ ठरली कॅलिफोर्नियाची दुपारी साडेबारा, म्हणजे आपली रात्रीची दोन. वर इस्त्रीचा कुर्ता, खाली घरातली पायजमा-पँट, मागे पुस्तकांचं कपाट, आणि कपाटावरची लोणच्याची बरणी ऐन वेळी हलवलेली. मुलाखत छान चालली होती. पंधराव्या मिनिटाला सोसायटीच्या वॉचमननं जिन्याखाली काठी आपटून शिट्टी मारली. पलीकडच्या प्राध्यापकांनी काळजीनं विचारलं, की सगळं ठीक आहे ना. अर्जदारानं सांगितलं, की हे सुरक्षेसाठी आहे. त्यानंतर ते तिच्या प्रयोगाबद्दल जरा जास्तच आदरानं बोलले, असं तिला वाटतं.

मामाला या सगळ्यात काही थरार दिसत नाही. तो ऐंशीच्या दशकात गेला. तेव्हा विद्यापीठांची माहितीपत्रकं बघायला मुंबईत न्यू मरीन लाइन्सच्या अमेरिकन सेंटरमध्ये जावं लागे आणि उत्तर हवाई टपालानं यायला आठवडे लागत. मात्र उत्तर वाचायला पाकीट फोडावं लागत नसे. पातळ पाकीट म्हणजे एका कागदाचा नकार. जाड पाकीट म्हणजे होकार, सोबत भरायचे फॉर्म आणि व्हिसासाठी लागणारा आय-ट्वेंटी. पाकिटाची जाडी पोस्टमनलाही कळे. “आमचा पोस्टमन कोपऱ्यावरूनच चेहरा पाडून यायचा,” मामा सांगतो. “तयारीला वेळ मिळायचा. तुमच्या मेलला जाडी कुठाय?”

मेलला जाडी नसते, आणि कधी कधी खात्रीही नसते. फेब्रुवारी २०१५मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठानं संगणकशास्त्राच्या एम.एस.साठी अर्ज केलेल्या सुमारे ८०० जणांना अभिनंदनाची मेल पाठवली. बाराशेहून अधिक अर्जांतून नऊ टक्क्यांहूनही कमी जण आम्ही निवडतो आणि त्यांत तुम्ही आहात, अशा आशयाची. लोकांनी आईवडिलांना फोन केले, पार्ट्या केल्या. काही तासांनी दुसरी मेल आली : चूक झाली, क्षमस्व, तुमची निवड झालेली नाही. बाराशेचे नऊ टक्के म्हणजे शंभरएक. मेल गेली त्याच्या आठपट लोकांना. गंमत अशी, की संगणकशास्त्र शिकायला निघालेल्या त्या आठशे हुशार मुलांपैकी प्रत्येकाला आपण त्या शंभरांतले आहोत हे पटायला क्षणभरही लागला नसेल. त्याआधी २००९मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठानं पदवीसाठी नाकारलेल्या सुमारे २८,००० मुलांना स्वागताची मेल पाठवून दिली होती. हे कळल्यापासून बाबांचा ठराव असा आहे, की होकार आला तरी आठ तास पेढे वाटायचे नाहीत. बँकेत ते चेक वटेपर्यंत थांबत असत.

मार्च उजाडला. चार नकार आले, चारही सभ्य. यंदा अर्जदारांचा दर्जा असाधारण होता, असं चौघांनीही लिहिलं होतं. एवढ्या असाधारण लोकांत बसल्याचा मान ८५,००० रुपयांत तसा महाग नाही, असं बाबांनी बोलून दाखवलं नाही; फक्त वहीत लिहिताना त्यांचं पेन थोडं जोरात उमटलं. आणि एका विद्यापीठानं तिला प्रतीक्षा यादीत घातलं.

प्रतीक्षा यादी म्हटलं की मराठी माणसाच्या मनात रेल्वे येते. डब्ल्यूएल सतरा असेल तर गावी जाता येईल की नाही याचा अंदाज कुणीही अनुभवी माणूस सांगू शकतो. विद्यापीठाच्या यादीत क्रमांक नसतो. चार्ट कधी लागणार तेही अस्पष्ट असतं. फक्त एक तारीख ठरलेली, १५ एप्रिल. अमेरिकेतल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा एक जुना ठराव आहे आणि पुष्कळ विद्यापीठांनी तो मानलेला आहे. ज्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीसह जागा देऊ केली असेल, त्याच्याकडे १५ एप्रिलच्या आधी उत्तर मागायचं नाही. ठराव विद्यार्थ्यांच्या भल्याचा आहे. परिणाम असा होतो, की कुठेतरी एक अनोळखी मुलगा पाच होकार उशाशी घेऊन निवांत झोपलेला असतो, आणि त्यांतल्या एका होकाराखाली धनकवडीची जागा दबलेली असते.

हे कोडं गणितानं सोडवून झालं आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोघांनी १९६२ साली त्यावर एक छोटासा निबंध लिहिला. विषय कॉलेजप्रवेश आणि लग्नं, दोन्ही एकत्र. त्यांची रीत सोपी आहे. एका बाजूनं मागणी घालत जायचं. दुसऱ्या बाजूनं हातात असलेलं सगळ्यात चांगलं स्थळ नुसतं धरून ठेवायचं, पक्कं करायचं नाही. त्याहून बरं आलं तर आधीचं सोडायचं, आणि ज्याला सोडलं त्यानं पुढच्या दाराशी जायचं. असं करत गेलं तर शेवटी अशा जोड्या लागतात, की त्या मोडून एकमेकांकडे पळून जावं असं कुठल्याही दोघांना वाटत नाही. शॅप्लींना २०१२मध्ये, ॲल्विन रॉथ यांच्यासोबत, अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अमेरिकेत नवे डॉक्टर आणि हॉस्पिटलं यांच्या जोड्या दर मार्चमध्ये याच धर्तीवर संगणक लावतो. पीएच.डी.च्या प्रवेशांना मात्र असा मध्यस्थ नाही. “म्हणजे वधूवर सूचक मंडळ नाही,” आजी म्हणाली. “मग कसं व्हायचं?” धरून ठेवायची रीत तिला नवी नव्हती. तिच्या एका आतेबहिणीला अकोल्याच्या स्थळानं असंच दोन वर्षं धरून ठेवलं होतं, आणि नोबेल कुणालाच मिळालं नाही.

कधी कधी धरलेलं स्थळही हातचं जातं. फेब्रुवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं संशोधन अनुदानातल्या अप्रत्यक्ष खर्चाला १५ टक्क्यांची मर्यादा जाहीर केली. अप्रत्यक्ष खर्च म्हणजे प्रयोगशाळेची वीज, इमारत, हिशेबनीस वगैरे. प्रकरण कोर्टात गेलं, पण विद्यापीठांनी आधीच हात आखडले. ऐन हंगामात काही विभागांनी प्रवेश कमी केले, काहींनी थांबवले. मॅसॅच्युसेट्सच्या वूस्टर गावातल्या यूमास चॅन मेडिकल स्कूलनं त्या वर्षीच्या जैववैद्यकीय पीएच.डी.साठी दिलेले होकार परत घेतले. त्या मुलांचे गुण तेच होते, शिफारसपत्रं तीच होती, आणि मोबाइल पालथा होता की उताणा याचाही काही संबंध नव्हता.

शेजारच्या काकूंना एवढ्या तपशिलात रस नसतो. त्या जिन्यात गाठतात आणि विचारतात, “काय गं, लागला का नंबर?” नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला : “मग इथंच का नाही करत?”

इथंही केलेलं असतं, काकू. टीआयएफआरची प्रवेशपरीक्षा डिसेंबरात झाली. बंगळूरच्या आयआयएससी आणि पाषाणच्या आयसरच्या मुलाखती उन्हाळ्यात. देशी वाट बघण्याचा घाट निराळा. इथं मन कुणाचं ओळखायचं नसतं. एक पीडीएफ येते, तिच्यात कंट्रोल-एफ दाबून आपला क्रमांक शोधायचा. सापडला तर आपण आहोत, नाही सापडला तर आधी स्पेलिंग, मग जोडणी, मग नशीब अशा क्रमानं शंका घ्यायची. २०२४मध्ये तर निकालाच्या आधी परीक्षेचीच वाट बघायची वेळ आली. सीएसआयआर-नेट २५ ते २७ जूनला होती. २१ जूनला ती पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. रिव्हिजन संपवून बसलेल्या हजारो मुलांनी ती पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केली. परीक्षा झाली २५ ते २७ जुलैला. तारखा तरी त्याच ठेवल्या, नुसता महिना बदलला.

वाट न बघणाऱ्याही होऊन गेल्या. १९३३ साली मुंबई विद्यापीठात पहिली आलेल्या कमला भागवत यांनी बंगळूरच्या त्याच इन्स्टिट्यूटकडे अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन. नकार आला, कारण अर्जदार बाई होती. दुर्गा भागवतांच्या या धाकट्या बहिणीनं ‘का’ म्हणून विचारायला थेट बंगळूर गाठलं आणि गांधीजींच्या मार्गानं रामन यांच्या ऑफिसबाहेर ठाण मांडलं. वाट बघण्याऐवजी वाट अडवली. शेवटी एका वर्षाच्या चाचणीची अट घालून त्यांना घेतलं गेलं. पुढे १९३९मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि कमला सोहोनी म्हणून त्या भारतीय जीवरसायनशास्त्रात मोठ्या झाल्या. ही गोष्ट अर्जदाराला शाळेपासून पाठ आहे. अडचण एवढीच, की पोर्टलला दार नसतं, आणि त्याच्यासमोर ठाण मांडलं तर वीस मिनिटांनी ते आपोआप लॉगआउट करतं.

एप्रिलची बारा तारीख आली. तिनं विभागाला आठवणीची मेल लिहायला घेतली, चारदा खोडली. फार नम्र झाली तर लाचार वाटते, कमी नम्र झाली तर पुणेरी. आजी शेजारी कैऱ्या चिरत होती. तिला सोबत म्हणून मुलीनं एक गोष्ट सांगायला घेतली.

“आजी, आइन्स्टाइननं काय केलं माहितीये? पदवी होती, काम नव्हतं. १९०१च्या मार्चमध्ये त्यानं लाइपझिगच्या ओस्टवाल्ड नावाच्या प्रोफेसरांना पत्र लिहिलं, मला असिस्टंट म्हणून घ्या. उत्तर नाही. मग दोन आठवड्यांनी दुसरं, की मागच्या पत्रात मी माझा पत्ता लिहिला होता की नाही ते आठवत नाही, म्हणून पुन्हा देतोय.”

“लिहिला असणार की.”

“असणारच. तरी उत्तर नाही. मग त्याच्या वडिलांनी त्याला न सांगता लिहिलं, की माझ्या मुलाला दोन ओळी तरी लिहा, त्याला बरं वाटेल.”

आजीनं सुरी थांबवली. तिनं बाबांच्या खोलीकडे पाहिलं.

“आणि हॉलंडमध्ये लायडनला कामरलिंग ओनेस म्हणून होते, त्यांना जोडकार्ड पाठवलं. उत्तराचं कार्ड सोबत जोडलेलं, तिकिटाचे पैसे यानंच भरलेले. नुसतं लिहून टाकायचं. तेही नाही आलं. ते कोरं कार्ड अजून तिथल्या म्युझियममध्ये आहे.”

“आणि ते लाइपझिगवाले?”

“त्यांनीच पुढे १९१०मध्ये नोबेलसाठी पहिल्यांदा त्याचं नाव सुचवलं.”

“उशिरा का होईना, कळवलं म्हणायचं.” आजीनं कैरीची फोड मिठात टाकली. “पीएच.डी. तरी झाली का त्याची?”

“झुरिकला प्रबंध दिला होता, मग परत घेतला. १९०५ला दुसरा दिला, तो पास झाला. पहिला मागे घेतला तेव्हा फी परत मिळाली त्याला. २३० फ्रँक.”

“फी परत मिळाली?” बाबा आतल्या खोलीतून दारात येऊन उभे राहिले.

“बाबा, १९०२ सालची गोष्ट आहे.”

“आणि मग नंबर लागला कुठं त्याचा?” आजीनं विचारलं.

“बर्नला. पेटंट ऑफिसात. तृतीय श्रेणी.”

“सरकारी?”

“हो.”

“कायम होती का?”

“आधी टेम्पररी. १९०४ला कायम झाला.”

“मग काय तर,” म्हणत आजीनं पुढची कैरी हातात घेतली. तेवढ्यात टेबलावर पालथा ठेवलेला मोबाइल थरथरला. साडेसहाला पाच मिनिटं होती, बॉस्टनचं ऑफिस अजून उघडायचं होतं. तरी तिघांनीही एकदम तिकडे पाहिलं.